बुलेटचा स्लो बसवताना: कार्बुरेटरचा हवेचा स्क्रू आणि त्याआधीची कामे

जुनी बुलेट नव्याने घरात आली की पहिल्या आठवड्यातच मालकाचा हात कार्बुरेटरवरच्या दोन स्क्रूंकडे जातो, कारण तेवढेच दोन स्क्रू बाहेरून दिसतात आणि ते फिरवायला कोणताही भाग उघडावा लागत नाही. स्लो म्हणजे ऍक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन चालू राहते ती संथ गती. ती बिघडून गाडी सिग्नलवर बंद पडली की एक स्क्रू आत घ्यायचा, सायलेन्सरमधून फटाके वाजले की दुसरा बाहेर काढायचा, आणि महिन्याभराने दोन्ही स्क्रू मुळात कुठे होते हे कोणालाच आठवत नाही. हा लेख अशा नवख्या मालकांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी लोखंडी सिलिंडरची 350 सीसीची बुलेट आणि तिच्यावर सर्रास आढळणारा मिककार्ब व्हीएम 24 हा कार्बुरेटर घेतला आहे. 2009 च्या सुमारास आलेल्या एकसंध इंजिनाच्या गाड्यांची रचना वेगळी असल्याने त्या येथे अभिप्रेत नाहीत.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हवेचा स्क्रू हे औषध नसून तापमापक आहे. तो कोठे येऊन स्थिरावतो यावरून इंजिनाच्या बाकीच्या अंगांची प्रकृती कळते, पण त्या अंगांतले दुखणे तो बरे करू शकत नाही.

दोन स्क्रूंपैकी जाडसर स्क्रू, जो साधारणपणे कार्बुरेटरच्या मध्यावर स्लाइडच्या (ऍक्सिलरेटरच्या केबलने वर-खाली होणाऱ्या आतल्या झडपेच्या) पातळीवर असतो, तो स्लाइडला खालून टेकू देतो. तो आत घेतला की स्लाइड किंचित वर उचलली जाते आणि इंजिनाचे फेरे वाढतात. मेकॅनिक याला स्लोचा स्क्रू म्हणतात. दुसरा बारीक स्क्रू एअर फिल्टरकडच्या तोंडाजवळ असतो आणि त्याखाली बारीक स्प्रिंग असते. हाच हवेचा स्क्रू. पायलट जेटमधून, म्हणजे स्लोपुरते पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर येणाऱ्या पेट्रोलमध्ये किती हवा मिसळायची हे तो ठरवतो. तो आत घेतला की हवेची वाट अरुंद होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण पातळ होते. येथेच बरेच जण फसतात, कारण काही कार्बुरेटरांवर हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तो हवेऐवजी तयार मिश्रणाची वाट अडवतो, आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. म्हणून आपला स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे की इंजिनाच्या, हे आधी डोळ्यांनी पाहावे आणि मगच कोणाचा सल्ला ऐकावा.

या पायलट मार्गाचा अंमल फार थोड्या टप्प्यावर असतो. ऍक्सिलरेटर बंद असल्यापासून तो सुमारे एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचे राज्य चालते. त्यानंतर स्लाइडचा काप, मग पाव ते पाऊण उघडेपर्यंत स्लाइडला लटकलेली सुई आणि अखेरीस पूर्ण वेगाचे पेट्रोल देणारा मेन जेट. महामार्गावर सत्तरच्या वेगाने जाताना गाडी ओढत नसेल, तर हवेचा स्क्रू फिरवून काहीही हाती लागणार नाही.

आता पूर्वतयारी, आणि या लेखाचा खरा भर तिच्यावरच आहे. माझ्या स्वतःच्या गाडीवर मी एकदा सलग तीन संध्याकाळी स्लो बसवत होतो. थंड असताना गाडी गोड चालायची, दहा किलोमीटर फिरून आलो की स्लो डगमगायचा आणि थोड्या वेळाने इंजिन मान टाकायचे. हवेचा स्क्रू मी अर्ध्या फेऱ्यापासून तीन फेऱ्यांपर्यंत सगळीकडे नेऊन पाहिला. चौथ्या दिवशी टॅपेटचे झाकण उघडले तेव्हा इनलेटचा पुशरॉड (टॅपेटवर उभा राहून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बोटांनी फिरतच नव्हता. टॅपेट गच्च बसले होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता, आणि मी मात्र बिचाऱ्या कार्बुरेटरला दोष देत होतो.

तेव्हा कामाची सुरुवात टॅपेटपासून करावी, आणि तीही रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड इंजिनावर. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण काढावे. दोन्ही पुशरॉड दोन बोटांच्या चिमटीत धरून सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली जाणवण्याइतके हलता कामा नयेत. रॉड फिरत नसेल तर टॅपेट गच्च आहे, आणि खुळखुळत असेल तर सैल आहे. त्यानंतर पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क, पाहावेत. पॉइंट पूर्ण उघडले असताना त्यांच्यातले अंतर फीलर गेजने मोजल्यास 0.35 ते 0.40 मिलिमीटर भरावे. त्यांच्या तोंडावर खड्डा आणि समोर उंचवटा दिसत असेल तर पॉलिश पेपरने घासत बसण्यापेक्षा नवे पॉइंट घालणे शहाणपणाचे ठरते. अंतर बदलले की इग्निशनचा टायमिंगही सरकतो, म्हणून तो पुन्हा तपासावा लागतो. प्लग नवा किंवा स्वच्छ असावा आणि एअर फिल्टर झटकून नव्हे, तर खरोखर स्वच्छ करून किंवा बदलून घ्यावा, कारण तुंबलेल्या फिल्टरवर बसवलेला स्लो फिल्टर बदलला की त्याच दिवशी बिघडतो.

यानंतर हवेची गळती तपासावी. कार्बुरेटर आणि हेड यांच्यामधला जोड, त्यातले पॅकिंग आणि रबरी रिंग यांतून चोरवाटेने हवा शिरत असेल तर स्लो कधीही स्थिर राहत नाही. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर इस्त्रीच्या कपड्यांना मारतो तसल्या फवाऱ्याने थोडे साधे पाणी मारावे. फवारा बसताच इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तेथेच आहे. पाणी प्लगच्या टोपीकडे मात्र जाऊ देऊ नये. काही गॅरेजांत याच कामासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर आणि ठिणगी सोडणाऱ्या प्लगशेजारी हा प्रकार करू नये, एवढेच येथे सांगतो. याच वेळी ऍक्सिलरेटरच्या केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील आहे ना हेही पाहावे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवल्यावर स्लो वाढत असेल तर केबल ताणलेली आहे आणि स्लाइड टेकूवर नव्हे, केबलवर लटकते आहे. अशा स्थितीत स्लोचा स्क्रू फिरवणे व्यर्थ आहे.

पायलट जेट स्वच्छ असणे ही शेवटची अट आहे. कित्येक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर सर्वांत आधी हेच बारीक भोक बुजवतो. जेट काढून उजेडासमोर धरावा. भोकातून गोल, कडा स्वच्छ असलेला प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अर्धचंद्रासारखा किंवा धूसर दिसला तर आत कचरा आहे. तो काढण्यासाठी क्लच केबलची तार खुपसण्याची पद्धत फार रूढ आहे आणि तितकीच घातक आहे, कारण पितळ मऊ असते, भोक ओरखडून मोठे होते आणि जेटवरचा आकडा तोच राहूनही जेट मात्र दुसराच होतो. कार्बुरेटर क्लीनर आणि हवेचा दाब यांनी भोक मोकळे होत नसेल तर नवा जेट घ्यावा.

एवढे झाल्यावर मूळ कामाला हात घालावा. गाडी मोकळ्या जागेत उभी करावी. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात हे काम करू नये, कारण स्लोवर चालणारे इंजिन भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडते आणि त्या वायूला वास नसतो. इंजिन सुरू करण्याआधी हवेचा स्क्रू हलक्या हाताने आत घ्यावा आणि तो बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून वहीत लिहावे. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, असे मोजत गेले की चूक होत नाही. स्क्रूच्या खाचेच्या एका टोकाला नेलपॉलिशचा ठिपका दिला तर मोजणे आणखी सोपे जाते. स्क्रू तळाशी टेकल्याचे बोटांना कळते, तेथेच थांबावे. त्याचे टोक निमुळते असते, जोर लावला तर टोकावर वळ उठतो किंवा समोरच्या बैठकीला खळगा पडतो आणि मग कोणतेही माप खरे ठरत नाही. खाचेत चपखल बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापरावा. स्क्रू पूर्ण काढायची वेळ आली तर गाडीखाली जुनी चादर अंथरावी. ती स्प्रिंग तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसते आणि गवतात पडली की सापडत नाही.

आता स्क्रू तळापासून दीड फेरा बाहेर काढून ठेवावा. ही केवळ सुरुवातीची जागा आहे. गाडी सुरू करून निदान आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी, कारण जागेवर उभी राहून तापलेली गाडी आणि रस्त्यावर वारा खात तापलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत आल्यावर चोक पूर्ण बंद आहे याची खात्री करावी आणि स्लोचा स्क्रू किंचित आत घेऊन फेरे नेहमीपेक्षा थोडे वर, मिनिटाला सुमारे 1,100 वर ठेवावेत. बुलेटला फेरे मोजण्याचा मीटर नसतो. प्लगच्या वायरीभोवती तार गुंडाळायचा स्वस्त डिजिटल मीटर मिळतो, पण तो दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी या मापावर लावावा, कारण या गाडीचा डिस्ट्रिब्युटर (ज्यात पॉइंट बसतात) इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो; अन्यथा मीटर निम्मा आकडा दाखवेल आणि आपण स्लो दुप्पट करून बसू.

यापुढचे काम कानाचे आहे. हवेचा स्क्रू पाव फेरा आत घ्यावा आणि हात काढून दहा सेकंद थांबावे. हे थांबणे नवख्यांना जमत नाही आणि त्यामुळेच त्यांचे गणित चुकते. स्क्रू हलला तरी इंजिनाला नव्या मिश्रणावर स्थिर व्हायला काही क्षण लागतात. पुन्हा पाव फेरा आत घ्यावा, पुन्हा थांबावे. एका टप्प्यावर ठोके जड होऊ लागतील, दोन-तीन ठोके सरळ आणि एक अडखळलेला अशी लय लागेल आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कच्च्या पेट्रोलचा वास येईल. हे मिश्रण गाढ झाल्याचे लक्षण आहे. आता तेथून पाव-पाव फेऱ्याने उलट, बाहेर यावे. ठोके मोकळे होत जातील, फेरे वाढतील, एका जागी सर्वांत जास्त होतील आणि त्यानंतर पुन्हा उतरू लागतील. उतरताना आवाज पातळ आणि अनियमित होईल, अधूनमधून कार्बुरेटर शिंकेल. गाढ आणि पातळ या दोन टोकांमध्ये जिथे फेरे सर्वांत जास्त आणि ठोका सर्वांत सरळ असतो, ती आपली जागा.

ती सापडली की स्लोचा स्क्रू बाहेर घेऊन फेरे उतरवावेत आणि हवेच्या स्क्रूची तीच परीक्षा पुन्हा करावी, या वेळी पाव फेऱ्याऐवजी आठव्या हिश्शाने. स्लाइड खाली आली की पायलट मार्गावरची ओढ बदलते, म्हणून पहिल्या वेळची जागा क्वचितच तंतोतंत राहते. दोन किंवा तीन आवर्तनांत काम पुरे होते. मधल्या काळात गाडी पाच मिनिटांहून जास्त जागेवर धडधडत ठेवू नये. हवेने थंड होणारे इंजिन उभ्या जागी तापत जाते आणि तापलेल्या इंजिनावरचे कानाचे निदान फसते. एक चक्कर मारून यावे आणि पुढचे आवर्तन करावे.

आता ऍक्सिलरेटरची परीक्षा. स्लोवरून मूठ झटकन पाव उघडून सोडून द्यावी. इंजिनाने न अडखळता रेस घेतली आणि फेरे सरळ खाली येऊन स्लोवर बसले, तर मिश्रण योग्य आहे. मूठ उघडताच इंजिनाने क्षणभर श्वास रोखला किंवा सोडल्यावर फेरे बराच वेळ वर लटकून राहिले, तर मिश्रण पातळ आहे; स्क्रू आठव्या हिश्शाने आत घ्यावा. फेरे स्लोच्याही खाली बुडून मग कसेबसे वर आले तर मिश्रण गाढ आहे. तेवढाच बाहेर घ्यावा. माझा स्वतःचा कल सर्वोत्तम जागेपासून किंचित गाढ बाजूला थांबण्याचा आहे, कारण एकाच सिलिंडरचे हे जुने इंजिन पातळ मिश्रणावर जितके तापते आणि चिडते, तितके किंचित गाढ मिश्रणावर कुरकुरत नाही. उतारावर ऍक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजत असतील तर मात्र लगेच स्क्रूकडे वळू नये. आधी सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे मिळतो तो जोड काजळीने काळा पडला आहे का ते पाहावे. तेथून हवा आत ओढली जात असेल तर मिश्रण कितीही बरोबर असले तरी फटाके वाजतच राहतात.

स्लो किती ठेवावा, हा बुलेटवाल्यांचा भावनिक प्रश्न आहे. मोजून घेता येतील इतके संथ ठोके पाडण्यासाठी टायमिंग मागे ओढणारे आणि स्लो अगदी पडेपर्यंत उतरवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो आवाज मलाही आवडतो. पण ऑइल पंप इंजिनाबरोबरच फिरतो. फेरे उतरले की बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला, पोहोचणारे तेलही घटते, आणि त्याच वेळी बॅटरीला मिळणारा चार्जही. मिनिटाला 900 फेरे म्हणजे 450 ठोके होतात आणि ते पुरेसे संथ ऐकू येतात. त्याखाली जाऊ नये.

शेवटी स्क्रू कोठे स्थिरावला ते पुन्हा तळापर्यंत मोजून पाहावे, कारण तापमापक वाचायची वेळ आता आली आहे. एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान तो असेल तर सगळे ठीक आहे. अर्ध्या फेऱ्याहून कमी उघडा राहिला, म्हणजे हवा जवळजवळ बंद करूनही पेट्रोल पुरत नसेल, तर पायलट जेट तुंबलेला किंवा लहान आहे, नाहीतर कोठून तरी चोरटी हवा येते आहे. अडीच फेऱ्यांहून अधिक बाहेर काढूनही गाडी गाढच चालत असेल तर जेट मोठा झालेला आहे, फ्लोटची (कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी वर आहे किंवा चोकचा प्लंजर नीट बसत नाही आणि त्यातून पेट्रोल झिरपते आहे. स्क्रू कुठेही फिरवला तरी इंजिनाला काहीच फरक पडत नसेल, तर बहुधा स्लोच्या स्क्रूने स्लाइड इतकी उचलून धरली आहे की इंजिन पायलट मार्गावर चालतच नाही. अशा वेळी पुन्हा टॅपेट आणि पॉइंटांकडे जावे, कारण कोणीतरी त्यांचा दोष जास्त रेस देऊन झाकला आहे.

अलीकडच्या काळात एक फरक हमखास दिसतो. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे 9 किलो पुरते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणजे त्याच जेटमधून तेवढेच इंधन गेले तरी मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ पडते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी पावणेदोन फेऱ्यांवर गोड चालणारी गाडी आज सव्वावर बसली, तर तो बिघाड समजू नये. जुने रबर मात्र या इंधनाने फुगते किंवा चिरते, तेव्हा पेट्रोलची नळी आणि फ्लोट बाउलचे पॅकिंग पावसाळ्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे. उंचीचा परिणाम उलट दिशेने होतो. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर आहे आणि तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्शाने विरळ असते. मुंबईला बसवलेली गाडी तेथे सकाळी थोडी जड वाटते. दोन दिवसांच्या सहलीसाठी त्यावर स्क्रू ड्रायव्हर काढू नये.

कानाच्या निदानावर विश्वास बसत नसेल तर एक स्वस्त साक्षीदार आपल्याला कायद्यानेच दिला आहे. पीयूसी केंद्रावर नळी सायलेन्सरमध्ये घालून स्लोवरचाच कार्बन मोनॉक्साइड मोजतात. 31 मार्च 2000 पूर्वी तयार झालेल्या दुचाकींना 4.5 टक्क्यांची आणि त्यानंतरच्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटना 3.5 टक्क्यांची मर्यादा आहे. गाडी तापलेल्या अवस्थेत केंद्रावर न्यावी, नळी खरोखर आत घातली जाते आहे हे पाहावे आणि मीटरवर दिसणारा आकडा, तारीख आणि स्क्रूचे फेरे वहीत एकाच ओळीत लिहावेत. सहा महिन्यांनी पुन्हा मोजताना फेरे तेच असून आकडा वाढलेला दिसला, तर स्क्रूला हात न लावता आधी एअर फिल्टर उघडावा.